डॅशबोर्ड नवा केल्यावर हीट आणि पेट्रोल, दोन्ही काटे वर चढतात: जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमधला नेहमीचा बिघाड आणि त्याची दुरुस्ती

मीटर उघडून साफ केले, रिंगांना क्रोम करून घेतला, डॅशचा पत्रा पावडर कोट केला किंवा त्याच्या जागी सागवानी फळी बसवली. सगळं जागेवर गेलं. मग गाडी सुरू केली की दहा मिनिटांत हीटचा काटा ‘एच’कडे (हॉट) सरकतो आणि अर्धी टाकी असताना पेट्रोलचा काटा पूर्ण भरल्याचं दाखवतो. काही वेळा दोन्ही काटे तासभर बरोबर चालतात आणि एखाद्या खड्ड्यानंतर पुन्हा चढतात. एमजीबी, मिजेट, स्पिटफायर अशा साठ-सत्तरच्या दशकांतल्या, स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचे मीटर असलेल्या गाड्यांमध्ये डॅशचं काम झाल्यावर येणारी ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे.

इंदूरमध्ये हे काम बहुतेक उन्हाळ्याच्या सुट्टीत निघतं आणि इथेच फसगत होते. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना काटा वर गेला, तर इंजिन तापलंय यावर कुणाचाही पटकन विश्वास बसतो. मग रेडिएटर उतरतो, थर्मोस्टॅट निघतो, वॉटर पंप बदलला जातो आणि काटा जिथल्या तिथे राहतो. इंजिनाला हात लावण्याआधी एवढंच पाहा: हीटबरोबर पेट्रोलचा काटाही चढलाय का? पेट्रोलच्या टाकीला इंजिन तापल्याचं काही कळत नाही. दोन्ही काटे एकत्र चढले असतील, तर दोघांमध्ये सामाईक असलेली वस्तू एकच आहे, ती म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझर.

आत काय घडतं

हे मीटर बायमेटलवर चालतात. आत दोन धातूंची एक बारीक पट्टी असते, तिच्याभोवती तार गुंडाळलेली असते. तारेतून करंट गेला की पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. म्हणून इग्निशन चालू केल्यावर काटा झटकन उडत नाही, सावकाश चढतो. पट्टी किती तापणार ते व्होल्टेजवर ठरतं आणि गाडीचं व्होल्टेज तर सतत बदलतं: इंजिन बंद असताना १२.६, चार्जिंग चालू असताना १४.२. म्हणून स्टॅबिलायझर मध्ये घालून मीटरना सरासरी १० व्होल्ट दिले जातात.

मूळ स्टॅबिलायझर म्हणजे पत्र्याची छोटी डबी. तिच्यातही एक बायमेटल पट्टी आणि संपर्काचे पॉइंट असतात. पट्टीवरच्या तारेचं एक टोक आउटपुटला असतं, दुसरं डबीच्या पत्र्यातून अर्थला, म्हणजे बॅटरीच्या एका टोकाला जोडलेल्या गाडीच्या बॉडीला. करंट गेला की पट्टी तापून पॉइंट उघडतात, गार झाली की मिटतात. या उघडझापीची सरासरी १० व्होल्ट.

आता डबीचा अर्थ तुटला असं धरा. तारेतून करंट जाणार नाही, पट्टी तापणार नाही, पॉइंट मिटलेलेच राहतील आणि मीटरना थेट १४.२ व्होल्ट मिळतील. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: १.४२ चा वर्ग जवळपास २. म्हणजे मीटरमधली पट्टी दुप्पट तापते. अर्धी टाकी भरलेली का दिसते, याचं उत्तर इतकं सरळ आहे.

हा अर्थ डॅशच्या कामानंतरच का तुटतो? कारण कारखान्यातून आलेल्या गाडीत डबी स्क्रूने पत्र्याला लावलेली असते, काही गाड्यांत डॅशमागच्या पत्र्याला, काहींत स्पीडोमीटरच्या पाठीला, आणि तो पत्रा हाच तिचा अर्थ. पावडर कोटिंग म्हणजे विजेच्या दृष्टीने प्लास्टिकचा थर. सागवान तर लाकूडच. जुना घासलेला, गंजलेला पत्रा करंट वाहून नेत होता; नवा, देखणा पत्रा नेत नाही. मीटरची रिंग आणि मागची पट्टी पेंटमध्ये रुतून बसल्या की मीटरची बॉडी सगळ्यांपासून तुटते.

‘कधी बरोबर, कधी चुकीचं’ या तक्रारीचंही मूळ इथेच आहे. डबी स्पीडोमीटरच्या पाठीवर असेल, तर स्पीडोमीटरला अर्थ मिळण्याची एकच वाट उरते: स्पीडो केबलचं बाहेरचं आवरण, जे पलीकडे गिअरबॉक्सला टेकलेलं असतं. ती काही वायर नव्हे. हादऱ्याने तिचा संपर्क सुटतो, पुन्हा लागतो, आणि काटे त्याप्रमाणे वागतात. डॅशचे दिवे मंद झालेत, टॅकोमीटर (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा मीटर) मध्येच मरतो आणि दोन्ही काटे चढलेत अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली, तर मीटर उघडायची गरजच नाही. अर्थ गेलाय.

पाच मिनिटांची तपासणी

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा, बॉडीवर नाही, आणि लाल प्रोब स्टॅबिलायझरच्या पत्र्याला टेकवा. इग्निशन आणि साइड लाइट चालू करा. आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. ०.२ च्या वर गेला तर अर्थ कमजोर. काही व्होल्ट दाखवले तर अर्थ नाहीच. ही तपासणी दिवे लावूनच करा. करंट वाहत नसताना खराब अर्थही चांगलाच दिसतो, आणि ओहमवर ठेवून केलेली तपासणी इथे नेमकी याच कारणाने चकवते.

मग इनपुट बघा. ‘बी’ टर्मिनलवर हिरवी वायर येते, फ्यूजमधून, इग्निशन चालू असताना बॅटरीइतकं व्होल्टेज. ‘आय’ टर्मिनलवरून फिकट हिरव्यावर गडद हिरवी रेघ असलेली वायर दोन्ही मीटरकडे जाते. मूळ डबी असेल तर ‘आय’वर डिजिटल मीटरचा आकडा नाचेल: ० ते १२, पुन्हा ०. तो बिघाड नाही, ती तशीच चालते. काट्याचा जुना मल्टिमीटर असेल तर तो जोडा, सरासरी डोळ्यांनी दिसते. नाहीतर छोटा टेस्ट लॅम्प लावा: लुकलुकला तर डबी जिवंत, सलग जळत राहिला तर पॉइंट चिकटलेत किंवा अर्थ नाही, अजिबात लागला नाही तर डबी आतून तुटलेली.

दोन्ही काटे चढण्याऐवजी दोन्ही मेले असतील, तर आधी हिरव्या वायरचा फ्यूज बघा. या गाड्यांतल्या लुकास कंपनीच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं. तो जळण्याचा आकडा. सतत वाहायची क्षमता १७ अँपिअर. बाजारात मिळणारा ३५ अँपिअर सतत वाहणारा फ्यूज त्या जागी घातला, तर फ्यूजच्या आधी हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, जळेल.

आणखी एक गोष्ट, जी डॅश परत बसवताना हमखास चुकते. मूळ डबी कशीही लटकवून चालत नाही. तिची ‘बी’ आणि ‘ई’ (अर्थ) टर्मिनलं वरच्या बाजूला हवीत आणि डबी उभ्या रेषेपासून २० अंशांपेक्षा जास्त कललेली नको. आडवी बसवली की आतल्या पट्टीची उष्णता वेगळ्या दिशेने जाते आणि सरासरी बदलते. जागा मिळत नाही म्हणून टायने हार्नेसला बांधून टाकलेल्या डब्या खूप दिसतात. त्यांना अर्थही नाही आणि योग्य दिशाही नाही.

अर्थ कसा द्यायचा

बॅटरीची वायर काढूनच कामाला लागा. १.५ चौरस मिलिमीटरची काळी वायर घ्या, अडीच-तीन मीटर पुरते. डॅशच्या मागून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती एक मुख्य लाइन म्हणून न्या. तिच्यापासून प्रत्येक मीटरच्या मागच्या पट्टीच्या नटाखाली एक आखूड फाटा, ०.७५ ची वायर, टोकाला नीट दाबलेलं थिंबल (बोल्टखाली बसणारं धातूचं टोक). टॅकोमीटर, स्पीडोमीटर, पेट्रोल, हीट, आणि स्टॅबिलायझरला स्वतंत्र. मीटर एकमेकांना साखळीसारखे जोडत गेलात, तर मधला एक नट सैल झाला की पुढचे सगळे मीटर अर्थाविना राहतात.

मुख्य लाइनची दोन्ही टोकं बॉडीच्या पत्र्याला लावा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. डॅशच्या फ्रेमला लावू नका, तीही रंगवलेली असते. बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर) थिंबलच्या आकाराएवढी जागा एमरी पेपरने घासून पत्रा चकाकेपर्यंत उघडा करा. दात असलेला स्टार वॉशर, त्यावर थिंबल, त्यावर बोल्ट. घट्ट केल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावा, आधी नाही. इंदूरचा पावसाळा चार महिने गाडीच्या आत ओलावा ठेवतो आणि उघडा पत्रा एका पावसाळ्यात पुन्हा गंजतो.

बायमेटल मीटरला स्वतःच्या बॉडीचा अर्थ काटा हलवण्यासाठी लागत नाही. त्याचा करंट स्टॅबिलायझरकडून येतो, मीटरमधून जातो, सेंडरमधून (टाकीत किंवा इंजिनात बसवलेला, पातळी किंवा तापमानाप्रमाणे ओहम बदलणारा भाग) अर्थ होतो. बॉडीचा अर्थ लागतो तो आतल्या दिव्याला. पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्यांतला पेट्रोल मीटर वेगळा असतो: त्यात दोन कॉइल असतात, स्टॅबिलायझर नसतो, काटा इग्निशनबरोबर झटक्यात उडतो आणि वळणावर पेट्रोल हललं की तोही हलतो. त्याच्या बॉडीला अर्थ नसेल तर आकडा चुकतो. तुमच्या गाडीत कोणता आहे ते काट्याच्या चालीवरून ठरवा. हा मीटर १२ व्होल्टवरच चालवायचा, त्याला स्टॅबिलायझर लावायचा नाही. उलट, बायमेटल मीटरला स्टॅबिलायझरशिवाय थेट बॅटरी देऊन ‘चालतोय का’ बघू नका. त्याने मीटर खराब होऊ शकतो.

इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर लावायचा असेल तर

मूळ डबीचे पॉइंट पन्नास वर्षांनी झिजलेले असतात. जागेवर अर्थ देऊनही सरासरी १० व्होल्टला येत नसेल, तर ती बदलणं बरं. जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ७८१० नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर सहज मागता येतो आणि तो अगदी स्वस्त असतो. छापलेली बाजू समोर धरली तर डावा पाय इनपुट, मधला अर्थ, उजवा आउटपुट. इनपुट आणि अर्थमध्ये ०.३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आउटपुट आणि अर्थमध्ये ०.१ चा, दोन्ही पायांच्या अगदी जवळ. काम करून गेलेल्या जुन्या डबीतला माल काढून त्याच डबीत हे बसवलं, तर बाहेरून काही बदललेलं दिसत नाही आणि टर्मिनलही तीच राहतात. डबीचं तोंड इपॉक्सीने गच्च भरू नका.

त्याचं कारण उष्णता, आणि आपल्याकडे हा भाग सोडून चालत नाही. दोन्ही मीटर पूर्ण चढलेले असताना मिळून पाव अँपिअरच्या आत करंट घेतात. रेग्युलेटरला १४.२ चे १० करताना ४.२ व्होल्ट स्वतःत जिरवावे लागतात, म्हणजे साधारण एक वॉट. हवेत मोकळा ठेवलेला ७८१० एका वॉटला सुमारे ६५ अंश तापतो. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत डॅशच्या मागे ५५ अंश धरले, तर आतला तुकडा १२० च्या पुढे जातो आणि त्याची मर्यादा १२५ आहे. ती ओलांडून फार तापला की तो स्वतःला बंद करतो, काटे पडतात, गार झाला की पुन्हा चढतात. जानेवारीत गाडी बरोबर चालते, एप्रिल उजाडला की दुपारी तीन वाजता काटे पडायला लागतात. उपाय साधा: दोन मिलिमीटर जाडीच्या, ५ बाय ५ सेंटिमीटरच्या अ‍ॅल्युमिनिअमच्या तुकड्याला बोल्टने कसा, मध्ये थर्मल पेस्ट. ७८१० ची धातूची पाठ अर्थलाच जोडलेली असते, त्यामुळे तो तुकडा सरळ बॉडीला लावता येतो.

एलएम३१७ वापरणारे कारागीरही आहेत. त्यासाठी २४० ओहम आणि १६८० ओहम लागतात. १५०० आणि १८० एकापुढे एक जोडले की १६८० होतात आणि बरोबर १० व्होल्ट मिळतात. पण एलएम३१७ ची पाठ आउटपुटला जोडलेली असते. ती बॉडीला कसली की थेट शॉर्ट. मध्ये अभ्रकाची पट्टी आणि बोल्टला प्लास्टिकचा बुश हवाच. मुद्दाम एलएम३१७ घ्यायचं काही कारण आम्हाला दिसत नाही; ७८१० पुरेसा आहे.

गाडी पॉझिटिव्ह अर्थ असेल, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असेल, १९६७ च्या शेवटापर्यंतच्या एमजीबी तशाच असायच्या, तर ७८१० चालणार नाही. तिथे ७९१० लागतो आणि त्याचे पाय वेगळे: डावा अर्थ, मधला इनपुट, उजवा आउटपुट. त्याची पाठ इनपुटला जोडलेली असते, म्हणून इथेही अभ्रक. मूळ बायमेटल डबीला आणि बायमेटल मीटरना पोलॅरिटीशी देणंघेणं नसतं, हा त्यांचा मोठा गुण.

एकच काटा चुकत असेल तर

आता स्टॅबिलायझरकडे बघू नका. मीटर, वायर आणि सेंडर या तिघांत कोण दोषी ते वेगळं काढा. त्यासाठी तीन रेझिस्टर जवळ ठेवा: २२, ६८ आणि २७० ओहम, तिन्ही एक वॉटचे. पाव वॉटचे घेऊ नका. ६८ मधून या जोडणीत पाव वॉटपेक्षा जास्त उष्णता निघते, ते काळे पडतात आणि हात भाजतो.

टाकीपाशी सेंडरची हिरव्यावर काळी रेघ असलेली वायर काढा, तिच्यात आणि बॉडीच्या स्वच्छ पत्र्यात रेझिस्टर जोडा, इग्निशन चालू करून दोन मिनिटं थांबा. ६८ ला काटा मध्याच्या आसपास यायला हवा, २२ ला भरलेल्या खुणेजवळ, २७० ला रिकाम्याजवळ. आला तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेंडरचा. हे काम पेट्रोलच्या तोंडाशी आहे: आधी रेझिस्टर पक्का जोडायचा, मग इग्निशन. ठिणगी होईल असं वायर टेकवून-काढून बघायचं नाही.

हीटच्या मीटरसाठी हेच, फक्त वायर हिरव्यावर निळी रेघ असलेली. सेंडर तपासायचा तर काढून पातेल्यातल्या पाण्यात धरा आणि ओहम मोजत पाणी तापवा. तापेल तसा आकडा सलग उतरला पाहिजे, कुठेही उडी नको. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, १०० ची वाट बघत बसू नका. सेंडर परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. त्याचा अर्थ आट्यांतूनच जातो.

टाकी रंगवली असेल तर पेट्रोलच्या सेंडरलाही तीच अडचण येते जी डॅशला आली. सेंडरच्या फ्लँजच्या (टाकीवर बसणाऱ्या कडेच्या) एका स्क्रूखालून बॉडीपर्यंत वेगळी काळी वायर द्या. सेंडर बाहेर काढलात तर पितळी फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा डबा) कानाजवळ हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला बारीक भोक आहे आणि तो बुडतोय. गरम पाण्यात धरला की भोकातून बुडबुडे येतात, जागा कळते. आतलं पेट्रोल पूर्ण निघून, वाफही गेल्याशिवाय त्याला सोल्डर लावू नका. खरं तर फ्लोट नवाच घ्यावा.

आता ‘अपग्रेड’ म्हणून नवे मीटर घेणाऱ्यांसाठी. सेंडर आणि मीटर ही जोडी असते, आणि एकट्या मीटरचं रूप बघून ती जमत नाही. बायमेटल स्मिथ्सचा पेट्रोल सेंडर रिकाम्या टाकीला साधारण २५० ओहम आणि भरलेल्याला २० च्या आसपास असतो. अमेरिकन पद्धतीचा मीटर २४० ते ३३ मागतो. तो या सेंडरवर जवळपास बरोबर चालतो. व्हीडीओ (VDO) कंपनीचा मीटर रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८० मागतो, म्हणजे दिशाच उलटी. तो स्मिथ्सच्या सेंडरवर लावला तर टाकी भरली की काटा रिकाम्याकडे जातो. आणखी आधीच्या कॉइलवाल्या स्मिथ्सची दिशा व्हीडीओसारखी, रिकाम्याला जवळपास शून्य. दुकानदाराला मीटरचं नाव विचारण्याऐवजी ‘रिकाम्याला किती ओहम, भरलेल्याला किती’ हेच विचारा, आणि सेंडरचा फ्लोट हाताने खाली-वर करून स्वतः मोजून घ्या. नवे इलेक्ट्रॉनिक मीटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. त्यांना स्टॅबिलायझरचे १० व्होल्ट दिले तर काटा कमी दाखवतो किंवा हलतच नाही. जुना एक आणि नवा एक असे मिसळलेत, तर नव्याचा पुरवठा थेट हिरव्या वायरवरून घ्या.

टॅकोमीटर

दोन जाती आहेत. जुन्या टॅकोमीटरच्या पाठीवर पांढरी वायर एका छोट्या ठोकळ्यातून वेटोळं घेऊन इग्निशन कॉइलकडे जाते. हा करंट मोजतो. नंतरच्याला कॉइलच्या निगेटिव्हवरून पांढऱ्यावर काळी रेघ असलेली एकच वायर येते. हा व्होल्टेज मोजतो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं की पहिल्या जातीचा टॅकोमीटर हमखास उड्या मारतो किंवा अर्धाच आकडा दाखवतो, कारण करंटच्या ठोक्याचा आकार बदलतो. वेटोळ्याची दिशा उलटी झाली तरी हेच होतं, आणि डॅश सोडवताना फोटो काढलेला नसेल तर ती उलटी होतेच. गाडी पॉझिटिव्ह अर्थवरून निगेटिव्हवर नेली असेल, तर या टॅकोमीटरच्या आतलं सर्किट बदलून घ्यावं लागतं. नुसती वायर फिरवून भागत नाही.

दिवे

मूळ बल्ब १२ व्होल्ट २.२ वॉटचे, बारीक आट्यांचे. त्यांच्या जागी एलईडी घातले तर प्रकाश वाढतो, उष्णता कमी होते, तबकडीचा रंग टिकतो. मंद-प्रखर करणारं बटण मात्र त्यांच्यावर नीट चालत नाही, आणि पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत त्यांची बाजू पाहूनच घ्यावे लागतात.

एका जागी एलईडी अजिबात नको: इग्निशनचा लाल दिवा. अल्टरनेटर असलेल्या गाडीत चार्जिंग सुरू होण्यासाठी लागणारा पहिला करंट याच बल्बमधून जातो, साधारण १८० मिलिअँपिअर. एलईडीतून त्याच्या अगदी थोडा हिस्साच जातो. मग इंजिन सुरू होतं, पण अल्टरनेटर झोपलेलाच राहतो. एलईडी लावायचाच असेल तर त्याला समांतर ८२ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा. आमचा सल्ला बल्बच ठेवण्याचा.

मीटर उघडताना

रिंग स्क्रू ड्रायव्हरने उचकटायची नाही. कडेच्या खाचा डब्यावरच्या फटींसमोर येईपर्यंत ती फिरवायची, मग ती सरळ निघते. फिरत नसेल तर आतलं रबर दगड झालंय. कडेला गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी रबरी हातमोजा घालून फिरवा. तबकडीवरची पांढरी अक्षरं नुसत्या ओल्या कापडानेही पुसली जातात. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि थांबा. बायमेटल मीटरच्या पाठीला बुचाने झाकलेली दोन छोटी भोकं असतात, त्यांतून काट्याचा शून्य आणि शेवट जुळवता येतो. वर सांगितलेली अर्थ, स्टॅबिलायझर आणि सेंडरची कामं पूर्ण झाल्याशिवाय त्यांना हात लावू नका. चुकीच्या व्होल्टेजवर जुळवलेल्या मीटरचा दोष नंतर कुणालाच सापडत नाही. आणि ऑइल प्रेशरची नळी डॅशमधून सोडवलीत, तर परत लावताना मीटरकडच्या टोकाचा छोटा चामडी वॉशर विसरू नका. नाहीतर गरम तेल गुडघ्यावर येतं.

रस्त्यावरची चाचणी

आधी उभ्या गाडीत: इंजिन गरम, आयडलवर, हेडलाइट आणि वायपर चालू. पाच मिनिटं थांबा. मग हेडलाइट बंद करून इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर न्या आणि आणखी पाच मिनिटं. दोन्ही वेळा पेट्रोलचा काटा एकाच जागी हवा. बायमेटल मीटर सावकाश असतो, म्हणून सेकंदात निकाल काढू नका. मूळ डबीने किंवा ७८१० ने काम नीट केलं असेल तर काट्याला व्होल्टेज बदलल्याचं कळणारही नाही. आयडलवर बॅटरी ११.८ पर्यंत घसरत असेल तर ७८१० ला दोन व्होल्टचं अंतर मिळत नाही, काटा किंचित उतरतो. तिथे मीटर सोडून चार्जिंग बघा.

हीटच्या मीटरसाठी घाट हवा. खंडवा रोडने सिमरोल ओलांडून भेरूघाट उतरा आणि परत येताना तोच चढा, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. एमजीबीला उष्ण देशांसाठी ७४ अंशांचा थर्मोस्टॅट सांगितलेला आहे, नेहमीचा ८२ चा. ७४ चा असेल तर सपाट रस्त्यावर काटा ‘एन’च्या (नॉर्मल) जरा खाली राहणं बरोबर आहे. घाटाच्या चढावर तो ‘एन’च्या वर सरकेल आणि चढ संपल्यावर परत येईल. या वेळी पेट्रोलचा काटा जागचा हलला नाही आणि हीटचा एकटाच वर जाऊन तिथेच थांबला, तर आता मात्र इंजिन खरंच तापतंय. रेडिएटर आणि पंख्याचा पट्टा तपासायची वेळ ती.